कानांची साक्ष

न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये १९१६ सालच्या एप्रिल महिन्यात एडिसनच्या कंपनीने जो जलसा केला, त्याची हकीकत आधी सांगितली पाहिजे. कारण घरी बसून यंत्रावर गाणे ऐकण्याच्या शौकाचा जो पुढचा सारा इतिहास, त्यातील श्रद्धा, व्यापार आणि तंटे या तिहींचे बीज त्या जलशात सापडते. रंगमंचावर लाकडी पेटीतला एक फोनोग्राफ मांडलेला होता आणि त्याच्याजवळ मेट्रोपॉलिटन ऑपेरातील गायिका मारी रॅपोल्ड उभी होती. यंत्रावर तिच्याच आवाजाची तबकडी फिरे, ती यंत्राच्या सुरात सूर मिळवून गाई, मध्येच ओठ मिटून उभी राही, आणि यंत्र तीच चीज पुढे चालवी. श्रोत्यांनी ओळखायचे ते एवढेच, की गायिका गाते केव्हा आणि यंत्र गाते केव्हा. १९१५ पासून सुमारे दहा वर्षे असले कार्यक्रम अमेरिकेत गावोगाव झाले, आणि 'टोन टेस्ट' या नावाने त्यांची जाहिरात होई. पुष्कळ ठिकाणी मध्येच दिवे मालवले जात, अंधारात गाणे अखंड चालू राही, आणि दिवे लागल्यावर पाहावे तो गायिका निघून गेलेली असे व पेटी एकटीच गात असे. फरक कळला नाही, असे वर्तमानपत्रांचे बातमीदार लिहीत. आणि ते खोटे लिहीत होते असे समजण्याचे काही कारण नाही.

आज हे वाचून नवल वाटते. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन नव्हता, विजेचा संबंध नव्हता. कलावंताने एका लांब कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून गावे, कर्ण्याच्या निमुळत्या टोकाशी बसवलेले पातळ पटल त्या आवाजाने थरथरावे, आणि पटलाला जोडलेल्या सुईने मेणाच्या तबकडीवर रेघ कोरावी, एवढाच तो सारा व्यवहार. माणसाच्या कानाला सेकंदाला २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचे नाद ऐकू येतात असे ढोबळमानाने मानतात. कर्ण्याच्या या पद्धतीत तीन हजारांच्या वरचे जवळजवळ काहीच उतरत नसे आणि खर्जाचाही बराच भाग गळून जाई. आपल्याकडे १९०५ च्या सुमारास अब्दुल करीमखाँसाहेबांनी ज्या तबकड्या दिल्या त्या याच पद्धतीच्या. त्या ज्याने एकवार ऐकल्या आहेत, त्याला समोर बसून गाणारा गवई आणि ही तबकडी यांत गल्लत होणे अशक्यच वाटेल. एडिसनची तबकडी इतरांहून सरस होती, तिची जाडी पाव इंच होती, तिच्यावर हिऱ्याची सुई चाले. पण ती एवढीही सरस नव्हती. असे कार्यक्रम ज्यांनी पुष्कळ केले त्या ॲना केस या गायिकेने उतारवयात एक कारण स्वतःच सांगून टाकले: रंगमंचावर ती आपला आवाज यंत्राच्या आवाजाला मिळेल असा आवरून लावी. यंत्राने गायिकेची नक्कल करावी अशी लोकांची अपेक्षा, आणि प्रत्यक्षात गायिकाच यंत्राची नक्कल करीत होती. उरलेले काम, फरक कळणार नाही असे जाहिरातीत वाचून सभागृहात आलेल्या श्रोत्यांच्या मनाने केले.

याहून बारकाईने पाहावा असा त्याच सुमाराचा एक दस्तऐवज आहे. एडिसनच्या दुकानांतून गिऱ्हाइकाच्या हातात एक छापील कागद देत, आणि त्याने कसे ऐकावे याची हुकूमवजा कलमे त्यावर क्रमाने लिहिलेली असत. यंत्राकडे पाठ करून बसावे. गायकांविषयीच्या अभिप्रायांचे कात्रणवहीत चिकटवलेले कागद दोन मिनिटे चाळावेत आणि त्यांतला एक लक्षपूर्वक वाचावा. असला आवाज आपण प्रत्यक्ष शेवटचा कोठे ऐकला ते आठवावे आणि तो प्रसंग मनःचक्षूंपुढे उभा करावा. तो स्पष्ट दिसू लागला म्हणजे विक्रेत्याला आपण सिद्ध आहोत असे सांगावे. गाणे सुरू झाल्यावर पाऊण मिनिटाने डोळे मिटावेत, मग थोडे उघडावेत, पण आजूबाजूला पाहू नये. इतके केल्यावर गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष गाणे ऐकताना झालेलाच भावानुभव व्हावा, असे तो कागद सांगे. आणि न झाल्यास? तर त्याचा अर्थ एवढाच, की गिऱ्हाइकाच्या मनावरचा परिसराचा पगडा अजून पुरता उतरलेला नाही. सबब त्याने तो उतरेपर्यंत परीक्षा पुनःपुन्हा द्यावी.

माझे लक्ष या शेवटच्या कलमापाशी अडते. परीक्षा यंत्राची आहे असे म्हणायचे, आणि निकाल मनाजोगा न लागल्यास कसूर श्रोत्याच्या पदरी बांधायची, ही रीत येथे प्रथमच इतक्या स्पष्ट अक्षरांत छापलेली दिसते. आणि पुढच्या शंभर वर्षांत तिने नावे बदलली, वेष बदलले, परंतु ती या शौकाला सोडून गेली नाही. एडिसन लबाड होता असे मात्र मला म्हणावयाचे नाही. लहानपणापासून त्याला फार कमी ऐकू येई. यंत्राच्या लाकडात दात रोवून, हाडांतून येणाऱ्या कंपनांनी तो गाणे ऐकत असे, गायकांची निवड स्वतः करीत असे, आणि आपल्या यंत्रात जिवंत कंठ उतरला आहे अशी त्याची मनोमन खात्री होती. इच्छेने कानावर अंमल बसवला म्हणजे सर्वांत आधी फसतो तो प्रामाणिक मनुष्य.

हे युरोपाला त्याआधी शतकभर माहीत होते, मात्र ते वैद्यांना माहीत होते, वाद्यविक्रेत्यांना नव्हे. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने मेस्मर या वैद्याच्या 'प्राणिचुंबकत्वा'ची, म्हणजे चुंबकशक्तीने रोग बरे करण्याच्या दाव्याची, शहानिशा करण्यासाठी पंच नेमले. त्यांत रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होता आणि अमेरिकेचा वृद्ध वकील बेंजामिन फ्रँकलिनही होता. फ्रँकलिनच्या पासी येथील बागेत मेस्मरचा शिष्य देस्लाँ याने जर्दाळूच्या एका झाडात चुंबकशक्ती भरली, आणि बारा वर्षांच्या एका रुग्ण मुलाला डोळे बांधून एकामागून एक चार झाडांपाशी नेण्यात आले. त्यांत ते जर्दाळूचे झाड नव्हते. पहिल्या झाडाशी मुलाला घाम फुटला व खोकला आला, पुढच्या झाडांशी डोके जड होत गेले, आणि चौथ्या झाडाशी तो बेशुद्ध होऊन पडला. शक्ती भरलेले झाड तेथून कित्येक पावले दूर उभे होते. मुलाचे दुखणे आणि मूर्च्छा दोन्ही खरी होती. खोटे होते ते केवळ कारण. पुढे १७९९ साली इंग्लंडातील बाथ येथे जॉन हेगार्थ या वैद्याने, एलिशा पर्किन्सच्या धातूच्या महागड्या शलाकांनी दुखणी ओढून काढता येतात या समजुतीची तशीच कसोटी घेतली. त्याने लाकडाच्या शलाका करून धातूसारख्या रंगवल्या, पाच रुग्णांवर फिरवल्या, आणि चौघांना आराम वाटला. मनुष्याला जे सिद्ध व्हावेसे वाटते त्याचेच दाखले तो वेचतो आणि विरुद्ध दाखल्यांकडे काणाडोळा करतो, हे फ्रॅन्सिस बेकनने १६२० सालीच लिहून ठेवले होते. १९६० साली पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने साध्या आकड्यांच्या कोड्याने ते प्रयोगशाळेत दाखवले. डोळे बांधण्याची युक्ती या प्रवृत्तीवरचा उतारा म्हणून वैद्यकात रुळली. ध्वनियंत्रांच्या शौकात मात्र तो अंधार प्रथम आला तो विक्रेत्याच्या दिमतीला.

त्याचा उपयोग पालटण्यास दुसरे महायुद्ध संपावे लागले. १९४५ साली चिन आणि आयझेनबर्ग या अमेरिकन संशोधकांनी असे प्रसिद्ध केले, की सामान्य श्रोत्याला वरचे नाद छाटलेला, आखूड पट्ट्याचा आवाजच अधिक आवडतो. यावरून रेडिओ-कारखानदारांना सोयीचा निष्कर्ष निघत होता: लोकांची अभिरुचीच तेवढी, तिच्यासाठी खर्च कशाला करा? आरसीए कंपनीतील हॅरी ओल्सन याला हा निष्कर्ष पटेना. दोष लोकांच्या कानांचा कशावरून, तो वाजवणाऱ्या यंत्राच्या विकृत नादाचा नसेल कशावरून, असा प्रश्न त्याने केला. आणि १९४७ साली यंत्र मधून काढूनच टाकले. एका खोलीत प्रत्यक्ष वादकांचा लहानसा ताफा बसवला, त्यांच्यापुढे आवाज जाऊ देणारा पण नजर अडवणारा पडदा लावला, आणि पडद्यामागे फिरवता येणारे ध्वनिरोधक फलक उभे केले, की जे बंद केले असता पाच हजार कंपनांवरचे नाद अडावेत आणि उघडले असता पुरे संगीत यावे. फलक केव्हा उघडे आणि केव्हा बंद, हे न दिसता श्रोत्यांनी पसंती सांगितली, आणि बहुसंख्यांची पसंती पुऱ्या संगीताला पडली. या शौकाच्या इतिहासात श्रोत्यावरची तोहमत उतरवून ती यंत्रावर ठेवणारा हा पहिला मोठा प्रयोग म्हणून मला ओल्सनविषयी विशेष आदर वाटतो.

पुढची दहापंधरा वर्षे एका अर्थी टोन टेस्टच्याच पुनरावृत्तीची, पण अधिक चांगल्या यंत्रांची. इंग्लंडात वॉर्फडेलचा गिल्बर्ट ब्रिग्ज १९५४ पासून लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये प्रत्यक्ष वादन आणि ध्वनिमुद्रण शेजारी शेजारी ऐकवू लागला. अमेरिकेत एडगर व्हिलचरने फाइन आर्ट्स क्वार्टेटचे वादक बसवून, गज तारांना न लावता नुसते फिरवीत ठेवून, स्पीकरांतून त्यांचेच वादन ऐकवले, आणि बदल झाला केव्हा हे बहुतेकांना कळले नाही. या वेळी सामग्री खरोखरच सुधारली होती. आणि येथेच एक नवी अडचण उभी राहिली. अ‍ॅम्प्लिफायरमधील दोष कानाला जाणवणाऱ्या मर्यादेच्या खाली गेल्यावर एका अ‍ॅम्प्लिफायरने दुसऱ्यापासून वेगळे वाजावे तरी कशाने? शौकिनाला तर निवड करावयाची होती, आणि मासिकांना परीक्षणे लिहावयाची होती. १९६२ मध्ये जे. गॉर्डन होल्टने 'स्टिरिओफाइल' काढले, १९७३ मध्ये हॅरी पिअर्सनने 'दि ॲब्सोल्यूट साउंड' काढले. मोजयंत्रांचे आकडे बाजूस ठेवून स्वतः ऐकून लिहावे, हा या परीक्षकांचा बाणा. त्यांत मुळात काही वाईट नव्हते. होल्टला स्वतःला संगीताची खरी ओढ होती. पण घरातल्या खोलीत, किंमत ठाऊक असताना, नाव समोर दिसत असताना ऐकण्याचा प्रघात पडला. १९७० चे दशक संपता संपता साध्या तांब्याच्या तारेच्या जागी मनगटासारख्या जाड, डौलदार वेष्टनाच्या तारा विकू लागल्या, आणि त्यांनी खर्ज भरदार होतो, पडदा दूर झाल्यासारखे स्वर स्वच्छ होतात, असे जबाब छापून येऊ लागले. ज्याला फरक ऐकू येत नसे, त्याला सांगत की तुमची बाकीची यंत्रे तेवढ्या योग्यतेची नाहीत, किंवा तुमचा कान अजून तयार झालेला नाही. एडिसनच्या कागदावरचे शेवटचे कलम ते हेच. मध्यम मिळकतीच्या कित्येक रसिक गृहस्थांनी, आपल्याला काही ऐकू येत नाही हे कबूल करण्यापेक्षा पदरचे पैसे मोडणे पत्करले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

याला उत्तर निघाले ते मोठ्या प्रयोगशाळेतून निघाले नाही. डेट्रॉइट शहराच्या परिसरातील हौशी मंडळींनी ते काढले. त्यांच्या मंडळाचे नाव 'साउथईस्टर्न मिशिगन वूफर अँड ट्वीटर मार्चिंग सोसायटी'. १९७७ साली त्यांच्यात दोन अ‍ॅम्प्लिफायरांवरून वाद झाला आणि तो तोंडाने मिटेना, तेव्हा त्यांनी एक पेटी तयार केली. तिला तीन कळा: एक 'ए', एक 'बी' आणि एक 'एक्स'. 'ए' दाबली की पहिले यंत्र वाजे, 'बी' दाबली की दुसरे. 'एक्स' दाबली की त्या दोहोंपैकी एक वाजे, पण कोणते हे पेटीनेच यदृच्छेने ठरवलेले असे आणि ते खोलीतील एकाही मनुष्यास ठाऊक नसे. श्रोत्याने तिन्ही कळा वाटेल तितक्या वेळा दाबाव्यात, एक मिनिट ऐकावे की एक तास ऐकावे याला बंधन नाही, आणि 'एक्स' म्हणजे 'ए' की 'बी' एवढे लिहावे. मग पुढची फेरी. सोळा फेऱ्यांपैकी बारा बरोबर आल्या तर ते निव्वळ दैवयोगाने घडले असण्याचा संभव शेकडा चारांहून कमी, म्हणून त्याने फरक खरोखर ऐकला असे मानावे. त्या मंडळींपैकी डेव्हिड क्लार्कने १९८२ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात या पद्धतीचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. एडिसनच्या अंधारात उत्तर विक्रेत्याला ठाऊक होते आणि चुकण्याची नामुष्की श्रोत्याची होती. या पेटीपुढे उत्तर कोणालाच ठाऊक नव्हते. यंत्रांत फरक नसेल तर श्रोत्याला तो ऐकू न येणे ही उणीव राहिली नाही, ती साक्ष झाली.

निकाल येऊ लागले ते शौकाला सुखावह नव्हते. 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकाने १९८३ मध्ये तारांची परीक्षा घेतली: चोवीस गेजची अगदी बारीक तार श्रोत्यांनी ओळखली, कारण तिच्यात आवाज घटतो, परंतु नावाजलेली जाड तार आणि कोठेही मिळणारी सोळा गेजची तार यांत, संगीत वाजत असता, भरवशाने निवड करता आली नाही. १९८७ च्या जानेवारीत त्याच मासिकाने, सव्वादोनशे डॉलरांच्या आतल्या एका रिसीव्हरपासून बारा हजार डॉलरांच्या व्हॉल्व्हच्या जोडीपर्यंत, अनेक अ‍ॅम्प्लिफायरांचा निकाल छापला. श्रोत्यांत फरक नक्की आहे असे मानणारेही होते आणि न मानणारेही होते. दोघांचीही उत्तरे निम्म्याच्या आसपास बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून जितकी आली असती तितकीच. त्याआधी १९८५ मध्ये बॉब कार्व्हर या कारागिराने न्यू मेक्सिकोतील सांता फे येथे हॉटेलच्या खोलीत बसून, स्टिरिओफाइलच्याच संपादकांनी निवडलेल्या अतिशय महाग अ‍ॅम्प्लिफायराशी जुळेल असा आपला स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर दोन दिवसांत बदलून दाखवला. दोहोंच्या नादांची वजाबाकी करून बाकी जवळजवळ शून्यावर आणली. संपादकांना ते वेगळे ओळखता आले नाहीत.

हे सारे वाचून, ज्यांनी फरक ऐकल्याचे लिहिले ते ढोंगी होते असा निष्कर्ष कोणी काढील तर तो अन्याय होईल. दोन यंत्रांपैकी एक लेशमात्र मोठ्याने वाजत असेल, तर कान ते 'मोठे' असे सांगत नाही; ते स्वच्छ, भरीव, जिवंत असे सांगतो, म्हणून डेसिबलच्या दशांशापर्यंत आवाज जुळवल्याशिवाय तुलना करण्यात अर्थ नाही. खुर्चीत डोके वीतभर सरकले तरी खोलीतून परावर्तित होऊन येणाऱ्या नादाचा पोत बदलतो. सूक्ष्म नादभेदांची स्मृती काही सेकंदांतच विरते, आणि तार बदलण्यास मात्र पाच मिनिटे लागतात. त्यात नव्या वस्तूचा उल्हास: मनुष्य एकाग्र होऊन ऐकतो, आणि एकाग्र होऊन ऐकले की जुन्या तबकडीतही आजवर न ऐकलेला टाळ ऐकू येतो. हा आनंद खरा असतो. पासीच्या बागेतील मुलाची मूर्च्छा खरी होती तसाच तो खरा, आणि त्याच्या कारणाची रुजुवात करण्याची गरजही तितकीच खरी.

फ्लॉइड टूल हा कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत कित्येक वर्षे पडद्याआडून स्पीकर ऐकवीत आला होता. पुढे हारमन कंपनीत गेल्यावर त्याने आणि शॉन ऑलिव्ह याने १९९४ मध्ये जो प्रयोग प्रसिद्ध केला, तो मला या सर्व परंपरेत सर्वांत मार्मिक वाटतो. त्यांनी कंपनीतलीच चाळीस माणसे बसवली आणि त्यांना चार स्पीकर दोनदा ऐकवले, एकदा पडद्याआड आणि एकदा उघड्यावर. मोठे, देखणे स्पीकर समोर दिसताच त्यांचे गुण चढले. लहान, स्वस्त, प्लास्टिकचा संच समोर दिसताच त्याचे गुण उतरले, मग पडद्याआड त्याच कानांनी त्याला चांगले म्हटलेले असो. त्याहून विलक्षण गोष्ट दुसरीच होती. स्पीकर खोलीत एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवल्याने आवाजात खराखुरा, मोजता येण्याजोगा फरक पडतो. पडद्याआड ऐकताना श्रोत्यांनी तो फरक नोंदवला, आणि डोळे उघडे असताना तो त्यांना जवळजवळ जाणवलाच नाही. नसलेला फरक ऐकवणारी अपेक्षा असलेला फरक बुजवूनही टाकते, हे यातून प्रथम स्वच्छ दिसले. आणि पडदा हा रसिकतेचा शत्रू आहे या तक्रारीला इतके चोख उत्तर दुसरे मला ठाऊक नाही.

तक्रारकर्त्यांच्या बाजूने एक दाखला मात्र आहे, आणि तो लपवून ठेवणे बरोबर नव्हे. १९९० च्या सुमारास स्वीडिश रेडिओने आकुंचित ध्वनिसंकेतांच्या, म्हणजे आवाज कमी जागेत बसवणाऱ्या पद्धतींच्या, पडद्याआडच्या परीक्षा घेतल्या. तज्ज्ञ श्रोत्यांनी हजारो निवडी केल्या आणि संकेत प्रसारणास योग्य ठरवले. त्याचा नमुना बार्ट लोकांथी या अमेरिकन अभियंत्याकडे आला तेव्हा त्याला त्यात सुमारे दीड हजार कंपनांचा एक बारीक, अनाहूत सूर ऐकू आला. तो होताच; दाखवून दिल्यावर इतरांनाही ऐकू आला. तेव्हा पडद्याआड फरक सापडला नाही एवढ्यावरून फरक नाहीच असे सिद्ध होत नाही, कोठे आणि काय ऐकावे हे शिकावे लागते, हा आक्षेप योग्य आहे. पण लोकांथीने दुसऱ्याच्या कानाला नावे ठेवली नाहीत. त्याने सुरावर बोट ठेवले.

होल्टच्या मनात काय चालले होते ते २००७ साली उघड झाले. आपल्याच मासिकाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी दिलेल्या मुलाखतीत त्याने खेदाने सांगितले, की १९८० च्या दशकात या शौकाने दुहेरी-अंध परीक्षेसारखी (जिच्यात ऐकणारा आणि ऐकवणारा दोघांनाही उत्तर ठाऊक नसते) प्रामाणिकपणाची साधी बंधने पाळण्यास नकार दिला, आणि तेथेच बाहेरच्या जगातील आपली पत गमावली. ऐकून लिहिण्याचा प्रघात ज्याने घातला त्याचाच हा जबाब होता. तो २००९ मध्ये वारला. मासिक अद्याप निघते. परीक्षक यंत्र समोर ठेवून, किंमत जाणून लिहितो, आणि त्याच्या लेखाखाली प्रयोगशाळेतील मोजमापे छापलेली असतात. दोहोंचा मेळ पुष्कळदा बसत नाही, तरी ती एकाच पानावर शेजारी शेजारी येत राहतात, आणि कोणती मानावीत हे ठरवणे वाचकावर सोपवलेले असते.